कोलंबिया दोनवरून अठरावर घसरली तेव्हा नेमकं काय घसरलं?

मार्च २०२२, रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. मामा, कोलंबियाचा ॲडमिट आला! मागून ताई ओरडतेय, "त्याला सांग, दोन नंबरची आहे, अख्ख्या अमेरिकेत दोन नंबरची!" मी म्हटलं ताई जरा हळू, दोन नंबरचं म्हटलं की शेजारी काहीतरी भलतंच समजतील. सगळे हसलो आणि विषय तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणून कोलंबियाचं नाव शोधलं तर पहिलीच बातमी अशी की तिथल्याच एका गणिताच्या प्रोफेसरने जाहीर लिहून टाकलंय, आमच्या युनिव्हर्सिटीचे रँकिंगचे आकडे खरे नाहीत. म्हणजे तो दोन नंबर खरंच दोन नंबरचा निघायच्या बेतात होता.

हे प्रकरण मी तेव्हापासून फॉलो करतोय, आधी भाच्यासाठी आणि नंतर स्वतःच्याच खाजेपोटी. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीतले चार पालक तरी विचारतात की अमुक युनिव्हर्सिटीचं नाव आहे, तमुकचं नाही, मग फी दुप्पट असली तरी घ्यावी का. त्यांना सांगायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. कारण इथे चक्क प्रयोगच झाला. एका प्रचंड नावाच्या संस्थेचा नंबर एका झटक्यात काढून घेतला, बाकी सगळं तसंच ठेवलं, आणि मग काय होतं ते जगाला बघायला मिळालं.

झालं असं. अमेरिकेत यूएस न्यूज नावाची बातम्यांची कंपनी कॉलेजांची क्रमवारी काढते. १९८३ मध्ये सुरू केली तेव्हा नुसतं कॉलेजांच्या प्रमुखांना विचारायचे, तुमच्या मते चांगलं कॉलेज कुठलं. म्हणजे निव्वळ नावाचीच यादी. मग १९८८ पासून आकडे घ्यायला लागले. वर्गात किती पोरं, किती प्राध्यापक फुलटाइम, पोरांवर खर्च किती, किती जण पास होऊन बाहेर पडतात वगैरे. त्या १९८८ च्या यादीत कोलंबिया अठराव्या नंबरवर होती. पुढे चढत चढत २०२१ मध्ये दोनवर आली, हार्वर्ड आणि एमआयटीच्या बरोबरीने, वर फक्त प्रिन्स्टन. आणि यातली मेख अशी की हे बहुतेक आकडे संस्था स्वतःच भरून पाठवते. आपल्याकडे कॉलेजात तपासणीची कमिटी यायची असली की रातोरात लायब्ररीत पुस्तकं आणि व्हरांड्यात कुंड्या येतात ना, तसलाच मामला, फक्त इंग्रजीत.

मायकल थॅडियस हा तिथला गणिताचा प्रोफेसर, भूमितीवाला. त्याला प्रश्न पडला की बाबा, आपण एवढे वर गेलो कसे? आपल्या वर्गात तर पोरं मावत नाहीत. त्याने काय केलं तर युनिव्हर्सिटीच्याच वेबसाइटवर कोर्सची यादी असते, प्रत्येक वर्गात किती जणांनी नाव घातलंय ते तिथे दिसतं, ती सगळी उपसली आणि मोजत बसला. कोणी फुटीर कर्मचारी नाही, गुप्त कागद नाही, सगळं उघड्यावर पडलेलं होतं. युनिव्हर्सिटीने सांगितलेलं की ८२.५ टक्के वर्गांत वीसपेक्षा कमी विद्यार्थी. याच्या मोजणीत निघाले ६२.७ ते ६६.९ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. फुलटाइम प्राध्यापकांपैकी १०० टक्के आपापल्या विषयातली सर्वोच्च पदवीवाले, असा दावा, आणि याने पदवी नसलेले डझनावारी शोधून काढले. शिकवण्यावर वर्षाला ३१० कोटी डॉलर खर्च दाखवलेला, जो हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन तिघांची बेरीज केली तरी जास्त भरत होता! खोलात गेल्यावर त्याचं म्हणणं पडलं की हॉस्पिटलमध्ये पेशंट तपासण्याचा खर्चही "शिकवण्या"त धरलेला दिसतोय. हे म्हणजे सोसायटीच्या हिशेबात चेअरमनच्या घरचं लाइट बिल.

अजून एक त्याने दाखवलं ते मला सगळ्यात जास्त लागलं. कोलंबियात दुसऱ्या कॉलेजातून मधेच ट्रान्सफर होऊन येणारे विद्यार्थी भरपूर, त्यात वयाने मोठे, नोकरी करून परत शिकायला आलेले, माजी सैनिक. पास होण्याचं प्रमाण काढताना रँकिंगच्या नियमात फक्त पहिल्या वर्षापासून आलेली पोरंच धरतात, त्यामुळे ही मंडळी हिशेबातच नाहीत. फी त्यांच्याकडून घ्यायची पण मोजायचं नाही.

पुढचं पटापट सांगतो. जूनअखेर युनिव्हर्सिटी म्हणाली यंदा आम्ही आकडेच देत नाही, तपासतोय. जुलैत यूएस न्यूजने त्यांना यादीतून बाहेर काढलं. सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सिटीने कबूल केलं की काही आकडे जुन्या किंवा चुकीच्या पद्धतीने काढलेले होते. वीसपेक्षा लहान वर्ग ८२.५ नाही, साधारण ५७ टक्के, म्हणजे थॅडियसच्या अंदाजापेक्षाही कमी. सर्वोच्च पदवीवाले १०० नाहीत, ९५.३ टक्के. आणि लगेच दोनतीन दिवसांत नवीन यादी आली त्यात कोलंबिया कितव्या नंबरवर? अठरा. १९८८ मध्ये जिथून निघाली तिथेच. चौतीस वर्षांची चढण उतरून परत पायथ्याला.

आता खरा प्रश्न. दोनवरून अठरावर आल्यावर काय झालं?

पोरांनी पाठ फिरवली का? घसरण्याआधीच्या सीझनला कोलंबिया कॉलेज आणि इंजिनीअरिंगच्या पदवीला मिळून अर्ज आले होते ६०,३७७. घसरल्यानंतरच्या पहिल्या सीझनला ५७,१२९. म्हणजे साधारण साडेपाच टक्के कमी. त्याच्या पुढच्या वर्षी ६०,२४८, जवळपास होते तिथेच. प्रवेश मिळण्याचं प्रमाण या सगळ्या काळात शंभरात चारच्या आतच राहिलं. मध्येच जून २०२३ ला युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की पदवीच्या या रँकिंगला आम्ही इथून पुढे माहितीच देणार नाही, आणि तरी त्या सप्टेंबरला यूएस न्यूजने त्यांना बारावा नंबर दिला, कारण यूएस न्यूजने स्वतःच मोजायची पद्धत बदलली आणि वर्गाचा आकार वगैरे गोष्टी काढूनच टाकल्या. ज्या आकड्यावरून एवढं रामायण झालं तो आकडाच यादीतून गायब!

त्याच २०२२ साली जगभरच्या युनिव्हर्सिट्यांची क्रमवारी लावणाऱ्या बाकीच्या याद्यांत बघा. टाइम्स हायर एज्युकेशनमध्ये जगात अकरावी, शांघायच्या यादीत आठवी, क्यूएसमध्ये बावीसावी. अमेरिकेत अठरावी आणि जगात आठवी, हे गणित तुम्हीच सोडवा. कारण प्रत्येक जण वेगळंच काहीतरी मोजतो. शांघायवाले नोबेल आणि शोधनिबंध मोजतात, तिथे पदवीच्या पोराच्या वर्गात वीस जण आहेत का दोनशे याने काडीचा फरक पडत नाही. क्यूएसमध्ये तेव्हा ४० टक्के गुण नुसते जगभरच्या प्राध्यापकांना विचारून, कोण चांगलं वाटतं म्हणून, वर १० टक्के कंपन्यांना विचारून. म्हणजे निम्मी यादी नावावरच उभी. आधी नाव म्हणून नंबर आणि मग नंबर आहे म्हणून नाव, कोंबडी आणि अंडं.

म्हणून माझं मत असं झालंय की नंबर आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पालक लोक त्या एकात एक कालवतो. नंबर एका माणसाने बसून मोजणी केली तर पडतो. नाव तसं पडत नाही. ते पडत नाही म्हणून ते खरंच असतं असंही नाही पण, ते फक्त कोणाच्या तरी डोक्यात असतं, आणि तुमचं काम त्या माणसाशी पडणार असेल तरच त्याचा उपयोग.

भाच्याच्या बाबतीत आम्ही मग हेच करत बसलो, त्याच्यापुढे नक्की कोण कोण बसणार आहे आणि त्यातल्या कोणाला नाव बघून फरक पडणार आहे. त्याच्याकडे दुसरा ॲडमिट होता एका स्टेट युनिव्हर्सिटीचा, मिडवेस्टात, आपल्याकडे नाव घेतलं तर लोक "हे कुठे आलं?" विचारतात अशी. कोलंबियाच्या एमएसची नुसती फी ७० हजार डॉलरच्या आसपास, वर न्यूयॉर्कचं भाडं. दुसरीकडची निम्म्याहून कमी, भाडं तर तिसरा हिस्सा. आणि मुळात ती दोन नंबरवाली यादी पदवीच्या शिक्षणाची, याच्या एमएसशी तिचा संबंधच नव्हता, हे ताईला पटायला आठवडा गेला.

पहिला माणूस बँकेतला. इथे नाव चालतं, अगदी खणखणीत चालतं. लोन देणाऱ्यांकडे युनिव्हर्सिट्यांच्या याद्या असतात, यादीत वरचं नाव असेल तर फ्लॅट गहाण न ठेवताही मोठी रक्कम मिळू शकते. आम्हाला कोलंबियाच्या नावावर दोन दिवसांत होकार आला आणि स्टेट युनिव्हर्सिटीला पाच वेळा कागद मागितले. ताईला हाच मोठा पुरावा वाटला. मी म्हटलं अगं, तो जास्त लोन द्यायला तयार आहे म्हणून खूश काय होतेस, फेडायचं कोणी?

दुसरा अमेरिकेचा व्हिसा. इथे नावाला शून्य किंमत. एमएस झाल्यावर कामाची परवानगी मिळते, विषय विज्ञान-तंत्रज्ञानातला असेल तर एकूण ३६ महिने, ती कोलंबियाला आणि मिडवेस्टच्या त्या युनिव्हर्सिटीला सारखीच. नंतर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, वर्षाला ६५ हजार अधिक अमेरिकन मास्टर्सवाल्यांना २० हजार. त्या वीस हजारांच्या डब्यात जायला युनिव्हर्सिटी मान्यताप्राप्त आणि सरकारी किंवा ना-नफा पाहिजे, बस. कोलंबियाची चिठ्ठी काही जाड नसते. ज्या गोष्टीवर आपल्या पोरांचं तिथलं निम्मं आयुष्य टांगलेलं असतं तिथेच नाव चालत नाही आणि हे कोणीही ॲडमिशनच्या वेळी सांगत नाही.

उलट दुसऱ्या काही देशांत नाव म्हणजे अक्षरशः कायदा. इंग्लंडने ३० मे २०२२ ला, म्हणजे याच सगळ्या धामधुमीत, एक व्हिसा सुरू केला, ज्यात जगातल्या वरच्या युनिव्हर्सिटीतून पदवी घेतली असेल तर हातात नोकरी नसतानाही जाता येतं. अट अशी होती की टाइम्स, क्यूएस आणि शांघाय यांपैकी निदान दोन याद्यांत वरच्या पन्नासात पाहिजे. कोलंबिया त्यात होती. भारतातलं एकही नाव नव्हतं, आयआयटी मुंबईसुद्धा नाही. म्हणजे पवईत जेईईच्या चाळणीतून गेलेला पोरगा रांगेबाहेर, आणि इथे कुणाला फारसं माहीत नसलेल्या एखाद्या अमेरिकन स्टेट युनिव्हर्सिटीचा आत. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घ्या, अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी, तिथेही क्यूएसच्या यादीत ठराविक नंबराच्या आत युनिव्हर्सिटी पाहिजे. अशा पोराला मी कुठल्या तोंडाने सांगू की रँकिंग खोटं असतं, दुर्लक्ष कर? त्याच्यासाठी तो नंबर म्हणजेच विमानाचं तिकीट.

तिसरा माणूस नोकरी देणारा, आणि इथे मात्र उत्तर सरळ नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन अमेरिकन संशोधकांचा २००२ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यांनी काय केलं तर ज्यांना सारख्याच तोलामोलाच्या कॉलेजांनी प्रवेश दिला होता, पण त्यातले काही नावाजलेल्या ठिकाणी गेले आणि काही साध्या ठिकाणी गेले, त्यांचे पुढचे पगार ताडून बघितले. जवळपास फरक नाही. म्हणजे कमाई कॉलेजात नव्हती, पोरातच होती. पण गरीब घरच्यांना मात्र नावाजलेल्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला. मग २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या आकड्यांवर परत बघितलं, हार्वर्ड-कोलंबियासारखी बारा कॉलेजं विरुद्ध मोठी सरकारी विद्यापीठं. सरासरी पगारात इथेही विशेष फरक नाही, पण अगदी वरच्या एक टक्का कमाईवाल्यांत पोचायची शक्यता दीडपट आणि नामांकित कंपनीत लागायची तिप्पट. म्हणजे चांगलं पोट भरायचं असेल तर नाव लागत नाही, काही ठराविक काचेच्या इमारतींत शिरायचं असेल तर लागतं. आणि हे दोन्ही अभ्यास तिथल्या पदवीचे आहेत हे लक्षात ठेवा, एमएसला जाणाऱ्या आपल्या पोरांचे नाहीत.

एमएसच्या बाजूला तर तेच नाव अंगावर पण येऊ शकतं. २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं होतं की याच कोलंबियातून सिनेमाची मास्टर्स केलेल्या आणि सरकारी कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्यांचं मधलं कर्ज (म्हणजे निम्म्यांचं त्याहून जास्त, निम्म्यांचं कमी) १ लाख ८१ हजार डॉलर, आणि दोन वर्षांनी त्यातल्या निम्म्या लोकांची वर्षाची कमाई ३० हजारांच्याही खाली. नाव तेच, गेट तेच, सर्टिफिकेटवरचा शिक्काही तोच.

कोलंबियाबद्दल मराठी माणसाने लिहायचं आणि बाबासाहेबांपर्यंत यायचं नाही असं होत नाही. माझ्या आजीला क्यूएस-बिएस काही माहीत नव्हतं पण कोलंबिया माहीत होती, विदर्भातल्या खेड्यात. नावाची ओळख म्हणतात ती ही. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले, १९१५ ला एमए झाले, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आणि अर्थतज्ज्ञ सेलिग्मन यांच्यासारखे शिक्षक मिळाले. तिथून लंडन, आणि १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याला नोकरीवर. आता बघा, तेव्हाच्या हिंदुस्थानात अशी पदवी असलेली माणसं किती असतील? आणि त्यांना गावात खोली मिळाली नाही. पारशी खाणावळीत नाव बदलून राहावं लागलं, आणि जात कळल्यावर काठ्या घेऊन लोक दारात आले. त्या दिवशी त्यांना बागेत बसून रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघावी लागली. ऑफिसात शिपाई फायली लांबून टाकायचे. पुढच्या वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले तर तिथेही पाण्याच्या भांड्यावरून कुरबुर झालीच. बडोद्याच्या त्या शिपायाला कोलंबियाचं नाव वाचताच येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं ते वाचायला तयार नव्हते. कामाला आलं ते नाव नाही, ड्यूईच्या वर्गात बसून डोक्यात जे घेतलं ते, आणि ते संविधान सभेपर्यंत पुरलं. आणि आज उलटंच झालंय, आपल्याकडे कोलंबियाला जे नाव आहे ते बाबासाहेबांमुळे आहे, यूएस न्यूजमुळे नाही.

भाचा शेवटी मिडवेस्टला गेला. ताई महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. तिथे पहिल्याच सेमिस्टरला एका प्रोफेसरच्या लॅबमध्ये काम मिळालं, फीचा बराचसा भाग सुटला, २०२४ मध्ये पास झाला, नोकरी लागली, लॉटरी दुसऱ्या खेपेला लागली. पण खोटं कशाला सांगू, न्यूयॉर्कच्या दोनतीन ट्रेडिंग कंपन्यांत त्याने अर्ज केले होते आणि एकाही ठिकाणाहून साधा इंटरव्ह्यूचा मेल आला नाही, आणि त्याचा एक मित्र, गुण याच्यापेक्षा कमी, पण बायोडेटावर कोलंबिया, त्याला बोलावणं आलं. त्याचं म्हणणं आहे की मामा, तिथे नाव नसणं नडलं. असेलही. मी त्याला तेव्हा "नावाने काही होत नाही" असं सांगितलं होतं, आज सांगितलं असतं की ट्रेडिंगमध्येच जायचं असेल तर विचार कर बाबा.

आणि त्या दोन नंबरचं पुढे काय झालं ते राहिलंच. पदवीच्या विद्यार्थ्यांनी युनिव्हर्सिटीवर दावा लावला होता की खोट्या नंबरामुळे आम्ही जास्त फी भरली. २०२५ मध्ये ९० लाख डॉलरवर तडजोड झाली, चूक कबूल न करता. वाटेकरी साधारण २२ हजार विद्यार्थी. माणशी झाले चारशे नऊ डॉलर, वकिलांची फी त्यातूनच जायची. मी हा हिशेब ताईला फोनवर सांगितला तर ती म्हणाली, एवढ्यात तर त्याचं एका सेमिस्टरचं पुस्तकही येत नाही रे, आणि मग थोडं थांबून, पण नाव तर नाव असतं ना.